आक्रमक न्यूरोएंडोक्राइन ट्यूमर: निदान आणि उपचार, योग्य क्रमाने

न्यूरोएंडोक्राइन ट्यूमर म्हणजे हार्मोन बनवणाऱ्या पेशींमधून उगवणारी गाठ, आणि 'हाय ग्रेड' म्हणजे झपाट्याने वाढणारी. रिपोर्टवर 'हाय ग्रेड न्यूरोएंडोक्राइन' एवढं वाचलं की घरची माणसं दोनपैकी एका दिशेला पळतात. काही जण त्याच आठवड्यात मिळेल ती केमो सुरू करतात. काही जण आणखी एक स्कॅन, आणखी एक मत, आणखी एक रक्ततपासणी करता करता दीड महिना घालवतात. दोन्हीकडे नुकसान रुग्णाचंच होतं, कारण या एका शिक्क्याखाली दोन वेगळे आजार बसतात. एकात घाईने चुकीचं औषध सुरू झालं तर जास्त उपयोगी पडणारी औषधं मागे राहतात. दुसऱ्यात वाट पाहत बसलं तर गाठ काही आठवड्यांतच इतकी वाढते की रुग्णाला केमो झेपेनाशी होते.

हा लेख रुग्णाची फाइल सांभाळणाऱ्या माणसासाठी आहे. औषध आणि डोस कॅन्सरतज्ज्ञच ठरवतील. पण कोणता प्रश्न कधी विचारायचा आणि कशासाठी अडून बसायचं नाही, हे फाइल धरणाऱ्यालाही ठाऊक हवं.

## पायरी १: फाइल आणि नमुना हाताशी ठेवा

पहिल्या भेटीत बहुतेक जण फक्त रिपोर्टचे कागद घेऊन जातात. या आजारात तेवढ्याने भागत नाही, कारण बायोप्सी पुन्हा वाचून घेण्याची गरज इथे वारंवार पडते. आधी हे गोळा करा:

- बायोप्सीच्या काचेच्या स्लाइड्स आणि पॅराफिनचे ब्लॉक, म्हणजे मेणात बसवलेला नमुना. नवे स्टेन (पेशींतली प्रथिनं ओळखणारे रंग) ब्लॉकमधूनच करता येतात, म्हणून नुसत्या स्लाइड्स पुरत नाहीत.
- सगळ्या स्कॅनच्या मूळ प्रतिमा, सीडीवर किंवा लिंकवर. छापील फिल्मवरून मापं नीट घेता येत नाहीत.
- चालू औषधांची यादी. त्यात आम्लपित्ताच्या गोळ्या, रक्त पातळ करणारी औषधं आणि ऑक्ट्रिओटाइड किंवा लॅनरिओटाइड या हार्मोन रोखणाऱ्या औषधाचं इंजेक्शन घेतलं असेल तर त्याची तारीख हवीच.
- एका पानावर आजाराचा घटनाक्रम: पहिलं लक्षण कधी, वजन किती घटलं, बायोप्सी कधी, कुठून.
- रुग्ण दिवसातला किती वेळ अंथरुणावर असतो आणि स्वतःचं काय काय करू शकतो, याची खरी नोंद.

शेवटच्या मुद्द्यात लोक हमखास गडबड करतात. डॉक्टरांनी उपचार नाकारू नयेत म्हणून 'सगळं ठीक आहे' असं सांगतात. केमो झेपेल का, हे याच माहितीवर ठरतं. चुकीचं सांगितलं तर डोसही चुकीचा ठरण्याचा धोका असतो.

इशारा: ब्लॉक मूळ प्रयोगशाळेतून नेताना पोच घ्या आणि काम झालं की परत करा. पुढे जनुकीय तपासणीला तोच नमुना लागतो.

## पायरी २: पॅथॉलॉजी रिपोर्ट ओळीओळीने वाचा

सगळ्यात जास्त वेळ इथे द्या. पुढचं सगळं याच कागदावर उभं राहतं.

जागतिक आरोग्य संघटनेच्या २०१९ च्या वर्गीकरणात पचनसंस्थेच्या न्यूरोएंडोक्राइन गाठींचे आधी दोन गट पडतात. पहिला गट म्हणजे सुविकसित पेशींचे ट्यूमर, म्हणजेच एनईटी. त्यात केआय-६७ हा निर्देशांक (किती टक्के पेशी वाढीच्या मार्गावर आहेत ते सांगणारा) ३ टक्क्यांपेक्षा कमी असेल तर ग्रेड १, ३ ते २० असेल तर ग्रेड २ आणि २० च्या वर असेल तर ग्रेड ३. दुसरा गट म्हणजे अविकसित पेशींचे कार्सिनोमा, म्हणजेच एनईसी. त्यांचे स्मॉल सेल आणि लार्ज सेल असे दोन प्रकार आहेत आणि ते कायम हाय ग्रेडच असतात.

म्हणजे केआय-६७ वीसच्या वर गेला की रुग्ण ग्रेड ३ एनईटीचा असू शकतो किंवा एनईसीचाही. नुसत्या आकड्याने ते ठरत नाही. ग्रेड ३ एनईटीत हा आकडा बहुधा ५५ च्या खाली असतो आणि एनईसीत बऱ्याचदा त्याच्या वर, पण मधल्या पट्ट्यात दोन्ही सापडतात.

समजा दोन रिपोर्ट समोर आहेत आणि दोन्हींवर केआय-६७ ४५ टक्के आहे. (खालची आरबी, पी५३ आणि एटीआरएक्स ही पेशींतल्या प्रथिनांची नावं.) पहिल्यात लिहिलंय: पेशींची रचना गटागटाने, केंद्रकं एकसारखी, आरबी प्रथिन टिकून, पी५३ सामान्य, एटीआरएक्स नाहीसं. दुसऱ्यात लिहिलंय: पेशी अस्ताव्यस्त, मृत ऊतींचे मोठे पट्टे, आरबी नाहीसं, पी५३ विकृत. आकडा तोच असला तरी पहिला रुग्ण स्वादुपिंडाच्या ग्रेड ३ एनईटीकडे झुकतो आणि दुसरा एनईसीकडे. दोघांची पहिली औषधंही वेगळी.

तपासा: रिपोर्टमध्ये हे आहे का?

- पेशी सुविकसित की अविकसित, हे स्पष्ट शब्दांत. अविकसित असतील तर स्मॉल सेल की लार्ज सेल.
- केआय-६७ चा नेमका आकडा. '२० पेक्षा जास्त' एवढंच लिहिलं असेल तर नेमका आकडा मागा. २२ आणि ९० यांत फार अंतर आहे.
- २ चौरस मिलिमीटरमागे पेशीविभाजनाची संख्या.
- सिनॅप्टोफायसिन, क्रोमोग्रॅनिन आणि शक्यतो आयएनएसएम१ हे न्यूरोएंडोक्राइन पेशी ओळखणारे स्टेन.
- ग्रेड ३ एनईटी की एनईसी अशी शंका असेल तर आरबी आणि पी५३. स्वादुपिंडाची गाठ असेल तर एटीआरएक्स आणि डीएएक्सएक्ससुद्धा.

नेहमीच्या चुका. पहिली चूक म्हणजे बारीक सुईने ओढलेल्या पेशींवर निदान पक्कं करणं. त्यात पेशी सुट्या येतात, रचना दिसत नाही आणि केआय-६७ मोजायला पुरेशा पेशीही नसतात. हा निर्देशांक गाठीतल्या सर्वात सक्रिय भागातल्या किमान ५०० पेशींवर मोजायचा असतो. त्यामुळे जाड सुईची, म्हणजे कोअर बायोप्सी मागा. दुसरी चूक म्हणजे कधीकाळी काढलेल्या मूळ गाठीचा ग्रेड आज यकृतात वाढणाऱ्या गाठीलाही लागू धरणं. ग्रेड काळानुसार बदलतो, शरीरात जागेनुसारही बदलतो. झपाट्याने वाढणाऱ्या जागेची बायोप्सी नव्याने घ्यावी. तिसरी चूक म्हणजे साध्या अॅडिनोकार्सिनोमात (ग्रंथींच्या पेशींच्या कॅन्सरमध्ये) काही पेशींनी न्यूरोएंडोक्राइन स्टेन घेतला म्हणून सगळा आजारच न्यूरोएंडोक्राइन मानणं. मिश्र ट्यूमर म्हणायला दोन्ही घटक किमान ३० टक्के असावे लागतात.

दुसरं मत घ्यायचं तर आधी पॅथॉलॉजीचं घ्या, आणि न्यूरोएंडोक्राइन गाठी नेहमी पाहणाऱ्या पॅथॉलॉजिस्टचं घ्या. चार कॅन्सरतज्ज्ञांनी एकाच शंकास्पद रिपोर्टवर चार मतं देण्यापेक्षा हे कितीतरी उपयोगाचं ठरतं.

## पायरी ३: मूळ गाठ कुठली, हे ठरवा

फुफ्फुस, अन्ननलिका, स्वादुपिंड, मोठं आतडं, मूत्राशय, गर्भाशयमुख, प्रोस्टेट, त्वचा, यांपैकी कुठेही एनईसी होऊ शकतो. मूळ जागा कळली तर उपचारात खरोखर फरक पडतो. फुफ्फुसाच्या पसरलेल्या स्मॉल सेल कॅन्सरमध्ये केमोसोबत अॅटेझोलिझुमॅब किंवा ड्युर्व्हालुमॅब ही इम्युनोथेरपी (शरीराची प्रतिकारशक्ती कॅन्सरविरुद्ध जागवणारं औषध) दिली जाते. त्वचेच्या पसरलेल्या मर्केल सेल कार्सिनोमात तर इम्युनोथेरपी केमोच्याही आधी येते.

इथला सापळा टीटीएफ-१ या स्टेनचा आहे. तो सकारात्मक आला की 'फुफ्फुसातूनच आलाय' असं गृहीत धरलं जातं. एनईसीमध्ये फुफ्फुसाबाहेरच्या गाठीही टीटीएफ-१ सकारात्मक येऊ शकतात, म्हणून निर्णय स्कॅन आणि एंडोस्कोपी यांच्याशी पडताळूनच घ्यायचा. प्रोस्टेट कॅन्सरवर हार्मोनचे उपचार बराच काळ चालू असताना आजार वाढतोय पण रक्तातलं पीएसए हे प्रोस्टेटचं प्रथिन वाढत नाही, असं दिसलं तर न्यूरोएंडोक्राइन रूपांतराची शंका घेऊन बायोप्सी करावी.

इशारा: मूळ जागा सापडत नाही म्हणून एनईसीची केमो अडवून ठेवू नका. शोध एका बाजूला चालू राहू शकतो.

## पायरी ४: स्कॅन योग्य क्रमाने करा

सुरुवात छाती, पोट आणि ओटीपोटाच्या कॉन्ट्रास्ट सीटीने होते. त्यात धमनी टप्प्याच्या प्रतिमा घ्यायला सांगा, कारण यकृतातल्या रक्ताने भरलेल्या छोट्या गाठी त्या टप्प्यातच उठून दिसतात. यकृतावर शस्त्रक्रिया करायचा विचार असेल तर एमआरआयही लागतो.

पेट स्कॅन दोन प्रकारचे असतात आणि खरा गोंधळ इथेच होतो. एफडीजी पेट गाठ किती साखर खाते, म्हणजे किती जोमात आहे, ते दाखवतो. गॅलियम-६८ डोटाटेट पेट गाठीवर सोमॅटोस्टॅटिन या हार्मोनचे रिसेप्टर, म्हणजे तो चिकटण्याच्या जागा, आहेत का, ते दाखवतो. एनईसीत बहुधा एफडीजी पेटतो आणि गॅलियम फिका राहतो. ग्रेड ३ एनईटीत बऱ्याचदा दोन्ही पेटतात, म्हणून तिथे दोन्ही स्कॅन करून शेजारी ठेवून पाहावेत. एखादी गाठ एफडीजीवर लख्ख आणि गॅलियमवर रिकामी दिसत असेल तर पुढची बायोप्सी तिचीच घ्यावी आणि ल्युटेशियमचा (त्याच रिसेप्टरवर जाऊन किरणोत्सार देणारं औषध, पायरी ७) विचार करताना तिच्यावर बोट ठेवून प्रश्न विचारावा. एकटा गॅलियम स्कॅन करून 'फारसं काही नाही' असा दिलासा घेणं हा हाय ग्रेड आजारातला सर्वात धोकादायक गैरसमज आहे.

मेंदूचा एमआरआय फुफ्फुसाच्या स्मॉल सेल आणि लार्ज सेल प्रकारात करावाच. इतर ठिकाणच्या एनईसीत डोकेदुखी, तोल जाणं, फिट असं काही असेल तर करावा.

इशारा: दीर्घकाळ टिकणारं ऑक्ट्रिओटाइड चालू असेल तर गॅलियम स्कॅन पुढच्या इंजेक्शनच्या अगदी आधी, म्हणजे आधीच्या इंजेक्शननंतर ३ ते ४ आठवड्यांनी ठेवतात. स्कॅनची तारीख घेतानाच हे केंद्राला सांगा.

## पायरी ५: रक्ताच्या तपासण्यांवर फार जीव टाकू नका

क्रोमोग्रॅनिन ए या, गाठीतून रक्तात येणाऱ्या प्रथिनाची तपासणी लोक पुन्हा पुन्हा करतात आणि आकडा वरखाली झाला की घाबरतात. आम्लपित्ताच्या प्रोटॉन पंप गोळ्या, मूत्रपिंडाचा आजार, जठराचा जुनाट दाह यांनीही तो वाढतो. शिवाय एनईसीत तो सामान्यही असू शकतो. निर्णय स्कॅनवर घ्यायचा, या आकड्यावर नाही. तपासणी करायचीच असेल तर गोळ्या साधारण दोन आठवडे आधी थांबवाव्या लागतात, पण ते डॉक्टरांना विचारूनच. गॅस्ट्रिन स्रवणारी गाठ असेल तर गोळ्या अचानक बंद केल्याने जठरात रक्तस्राव होऊ शकतो.

सोडियम, पोटॅशियम, कॅल्शियम आणि साखर मात्र नक्की पाहा. काही गाठी हार्मोन स्रवतात आणि त्यातून जीवघेणे चढउतार होतात. स्नायूंची कमजोरी, वाढलेली साखर आणि घसरलेलं पोटॅशियम एकत्र दिसलं तर कॉर्टिसॉल तपासावं. केमोआधी क्रिएटिनिन, यकृताच्या चाचण्या, एलडीएच, रक्तपेशी आणि हिपॅटायटिस बी तपासून घ्या. पुढे मूल हवं असणाऱ्या तरुण रुग्णांनी शुक्राणू किंवा बीजांडं जतन करण्याबद्दल याच टप्प्यावर विचारावं.

## पायरी ६: उपचार, एनईसी असेल तर

इथे धावायचं. निदान पक्कं झाल्यावर केमो सुरू होईपर्यंतचा काळ दिवसांत मोजा.

पहिली केमो म्हणजे सिस्प्लॅटिन किंवा कार्बोप्लॅटिन (ही दोन्ही प्लॅटिनमची औषधं) यांच्यासोबत इटोपोसाइड. सायकल २१ दिवसांची असते. प्लॅटिनम पहिल्या दिवशी, इटोपोसाइड साधारणपणे पहिले तीन दिवस, अशा ४ ते ६ सायकल्स होतात. सिस्प्लॅटिन मूत्रपिंड, कान आणि नसा यांच्यावर जास्त जातं, कार्बोप्लॅटिन प्लेटलेट्सवर. आधीच कमी ऐकू येणाऱ्या किंवा क्रिएटिनिन वाढलेल्या रुग्णाला कार्बोप्लॅटिन दिलं तर ते 'कमी दर्जाचं' समजू नका.

आजार एका जागी मर्यादित असेल तर शस्त्रक्रिया आणि केमो, किंवा केमो आणि रेडिएशन एकत्र, यांपैकी काय करायचं ते अवयवानुसार ठरतं. नुसती शस्त्रक्रिया करून थांबू नये, कारण न दिसणाऱ्या पेशी बहुधा आधीच पसरलेल्या असतात. आजार दूर पसरलेला असेल तर मूळ गाठ काढून टाकण्याचा हट्ट धरू नका. जखम भरेपर्यंत केमो लांबते आणि तेवढ्यात यकृतातला आजार पुढे जातो.

केआय-६७ ५५ च्या खाली असलेल्यांना प्लॅटिनमचा प्रतिसाद कमी मिळतो, हे २०१३ साली प्रसिद्ध झालेल्या नॉर्डिक अभ्यासात दिसलं: १५ टक्के विरुद्ध ४२ टक्के. तरीही खालच्या गटाचं आयुर्मान थोडं जास्त होतं, १४ महिने विरुद्ध १० महिने. त्या काळी ग्रेड ३ एनईटी वेगळा काढला जात नव्हता, त्यामुळे खालच्या गटात असे काही रुग्ण मिसळलेले असणार. आज असा आकडा समोर आला तर केमोच्या आधी पायरी २ पुन्हा एकदा तपासा.

## पायरी ७: उपचार, ग्रेड ३ एनईटी असेल तर

इथे निवडीला वाव आहे, म्हणून एक-दोन आठवडे नीट विचाराला द्या. ट्यूमर बोर्डात शल्यविशारद, न्यूक्लिअर मेडिसिन आणि केमो देणारे डॉक्टर एकत्र बसलेले असावेत. सगळा आजार काढता येण्यासारखा असेल तर शस्त्रक्रियेचा प्रश्न आधी विचारा.

ल्युटेशियम-१७७ डोटाटेट. सगळ्या गाठी गॅलियमवर चांगल्या पेटत असतील तर. २०२४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या नेटर-२ चाचणीत केआय-६७ १० ते ५५ टक्के असलेल्या, जठर, आतडं आणि स्वादुपिंडाच्या २२६ रुग्णांना हा पहिलाच उपचार म्हणून देऊन पाहिला. आजार न वाढता गेलेला मध्यक काळ २२.८ महिने, तर फक्त जादा डोसचं ऑक्ट्रिओटाइड मिळालेल्या गटात ८.५ महिने. ८ आठवड्यांच्या अंतराने ४ डोस देतात. सोबत मूत्रपिंड वाचवण्यासाठी अमिनो आम्लांचं सलाइन चालतं आणि त्याने मळमळ होते. ती औषधाची अॅलर्जी नव्हे, सलाइन मध्येच थांबवायला सांगू नका.

केपटेम. म्हणजे केपेसिटाबिन आणि टेमोझोलोमाइड. गाठ लवकर आकसायला हवी असेल, विशेषतः स्वादुपिंडाच्या गाठीत. गोळ्या घरी घ्यायच्या असल्याने चुकाही घरीच होतात. सायकल २८ दिवसांची:

1. दिवस १ ते १४: केपेसिटाबिन सकाळ-संध्याकाळ, जेवणानंतर अर्ध्या तासाच्या आत.
2. दिवस १० ते १४: त्यात टेमोझोलोमाइडची भर. रात्री झोपताना, रिकाम्या पोटी, आधी उलटीची गोळी घेऊन.
3. दिवस १५ ते २८: दोन्ही बंद.

कॅलेंडरवर हे दिवस रंगवून ठेवा. पंधराव्या दिवशी केपेसिटाबिन चालूच ठेवणं आणि दोन्ही गोळ्या एकदम जेवणानंतर घेणं, या दोन चुका सतत होतात. टेमोझोलोमाइडची कॅप्सूल फोडायची नाही. केपेसिटाबिनआधी डीपीवायडी जनुकाची तपासणी करता येईल का, हे विचारा. या जनुकात दोष असलेल्यांना नेहमीचा डोसही जीवघेणा ठरू शकतो. वॉरफेरिन चालू असेल तर ते आधीच सांगा, त्याचा परिणाम धोकादायकरीत्या वाढतो.

एव्हरोलिमस, सुनिटिनिब आणि कॅबोझँटिनिब या गोळ्या बहुधा पुढच्या टप्प्यावर येतात. यकृतातल्या गाठींची रक्तवाहिनी बंद करण्याचा उपचारही असतो, पण स्वादुपिंडाची व्हिपल शस्त्रक्रिया आधी झाली असेल तर त्यातून यकृतात पू होण्याचा धोका बराच वाढतो. ही गोष्ट फाइलच्या पहिल्या पानावर लिहून ठेवा.

## पायरी ८: केमो चालू असताना

तातडीचा इशारा: ताप ३८.३ अंश सेल्सियस एकदा, किंवा ३८ अंश तासभर राहिला तर थेट इमर्जन्सीत जा. पॅरासिटामॉल देऊन सकाळची वाट पाहू नका. पांढऱ्या पेशी घटलेल्या असताना जंतुसंसर्ग काही तासांत हाताबाहेर जातो. सिस्प्लॅटिननंतर लघवी कमी होणं, कानात आवाज येणं आणि पाणीही न टिकणाऱ्या उलट्या हेसुद्धा त्याच दिवशी कळवा.

गाठ सेरोटोनिनसारखे पदार्थ स्रवत असेल तर दातांपासून बायोप्सीपर्यंत कोणत्याही शस्त्रक्रियेआधी भूलतज्ज्ञांना ते सांगा, म्हणजे ऑक्ट्रिओटाइड हाताशी ठेवता येईल.

## पायरी ९: प्रतिसाद पाहणं आणि पुढचं औषध

एनईसीत दर दोन-तीन सायकल्सनी, म्हणजे साधारण ६ ते ९ आठवड्यांनी सीटी करतात. स्कॅन त्याच प्रकारचा, शक्यतो त्याच केंद्रात करा, नाहीतर मापांची तुलना बिघडते. ल्युटेशियमच्या पहिल्या डोसनंतर काही गाठी तात्पुरत्या सुजून मोठ्या दिसू शकतात, त्यामुळे एका स्कॅनवरून उपचार बदलायची घाई नको. एनईसीवर केमो चालू असताना गाठ वाढली तर मात्र ती वाढलीच, असं धरायचं.

प्लॅटिनम संपून सहा महिन्यांहून जास्त काळ गेल्यावर आजार परतला तर तीच जोडी पुन्हा देता येते. लवकर परतला तर फोल्फिरी, फोल्फिरिनॉक्स (दोन्ही इरिनोटेकान असलेल्या केमोच्या जोड्या) किंवा टेमोझोलोमाइडवर आधारित औषधं. इरिनोटेकान असलेल्या औषधाआधी यूजीटी१ए१ या जनुकाच्या तपासणीबद्दल विचारा.

जनुकीय तपासणी दुसरी केमो निकामी ठरल्यावर नव्हे, पहिली चालू असतानाच पाठवा. रिपोर्ट यायला काही आठवडे जातात आणि एनईसीत तेवढे आठवडे नंतर हातात नसतात. मोठ्या आतड्याच्या काही एनईसीत बीआरएएफ व्ही६००ई हा बदल सापडतो आणि त्यावर डाब्राफेनिब-ट्रामेटिनिबची जोडी आहे. मायक्रोसॅटेलाइट अस्थिर असतील (म्हणजे डीएनए दुरुस्तीत दोष असेल) तर पेम्ब्रोलिझुमॅब या इम्युनोथेरपीचा विचार होतो. असे रुग्ण थोडे, पण ज्याच्यात सापडतं त्याचा पुढचा सगळा मार्ग बदलतो.

वेदना, भूक, झोप आणि श्वास सांभाळणाऱ्या पॅलिएटिव्ह टीमला पहिल्या सायकलपासून सोबत घ्या. ती टीम उपचार थांबल्यावर बोलवायची, या समजुतीमुळे रुग्ण महिनोन् महिने विनाकारण दुखणं सोसतात. रुग्णाला काय हवंय, कुठल्या त्रासापुढे त्याला औषध नको आहे, हे त्याच्याच तोंडून विचारून लिहून घ्या आणि तो कागद फाइलमध्ये लावा. दुसऱ्या टप्प्याचं औषध ठरवताना डॉक्टरांसमोर तो ठेवा.